फोटोपुरता गंडा

"हात पुढे कर," मंजिरीताई म्हणाल्या. त्यांच्या हातात कात्री होती.

नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत आम्ही पाच पोरी ओळीनं उभ्या होतो. पाचही जणींच्या उजव्या मनगटावर लाल-पिवळा धागा. तासाभरापूर्वी भरल्या सभागृहासमोर, सगळे मोबाईल वर धरलेले असताना, ताईंनी तो स्वतःच्या हातानं बांधला होता. त्याला गंडा म्हणतात. गुरूनं शिष्याला बांधायचा. एकदा बांधला की गुरूनं जन्मभर शिकवायचं आणि शिष्यानं जन्मभर त्या गुरूचं नाव लावायचं. मी चौदा वर्षांची होते, पण एवढं मला माहीत होतं.

कच्. पहिलीचा धागा कापला. कच्. दुसरीचा. मंजिरीताई कापलेले धागे स्टीलच्या ताटलीत टाकत होत्या. शेंगांच्या शिरा काढाव्यात इतक्या सहज. पोरी आपणहून हात पुढं करत होत्या. एकीनं तर थँक्यू मॅडमही म्हटलं.

माझी पाळी आली. मी हात मागं घेतला.

"अगं, हा फोटोपुरता असतो," मंजिरीताई म्हणाल्या. "खरा गंडा ताई घरच्या शिष्यांना बांधतात. चल, वेळ नको घालवूस."

फोटोपुरता. इतकी वर्षं झाली, हा शब्द अजून माझ्या अंगात रुतून बसलाय.

ताई म्हणजे कोण, ते सांगते. नाव सांगणार नाही. आमच्या संभाजीनगरात नुसतं ताई म्हटलं तरी गाण्यातली माणसं उठून उभी राहायची. घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी आणि पेटी. परदेशात मैफली. भिंतभर सन्मानचिन्हं. आणि मन म्हणे फार मोठं. त्या मोठ्या मनाची बातमी दर वर्षी पेपरात यायची. गरीब वस्तीतल्या मुलींना गाणं शिकवायचं म्हणून त्यांनी संस्था काढली होती आणि शहरातल्या आणखी दोन-तीन नावाजलेल्या गायिका तिच्या मंडळावर होत्या. मंजिरीताई त्या संस्थेच्या सचिव. ताईंचं गाणं खरोखर मोठं होतं, ते मी नाकारत नाही. त्यांचा षड्ज कुठं कानावर आला की अजून मी हातातलं काम थांबवते. राग त्याचाच जास्त येतो.

गुरूचं नाव घेताना गाणारी माणसं कानाला हात लावतात. ताईंचा विषय निघाला की माझाही हात कानाकडं जातो. उजव्या. का जातो ते पुढं सांगते.

माझा बाप हलगी वाजवायचा. बिडकीनकडचं आमचं गाव. मातंग म्हणा, मांग म्हणा, गावानं म्हणायचं ते म्हटलंच. लग्न असो, मयत असो, जत्रा असो, बापाची हलगी सगळ्यांच्या पुढं आणि बाप जेवायला सगळ्यांच्या मागं. आई मी लहान असतानाच गेली. मग बापानं गाव सोडलं, मुकुंदवाडीत खोली घेतली आणि वाळूजच्या एका कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसच्या मशीनवर कंत्राटी कामाला लागला. हलगी मात्र सोडली नाही. लगीनसराईत वाजवायचा.

हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते. कागद, पाचट, हाताला लागेल ते पेटवायचं आणि त्याच्या धगीवर कातडं फिरवायचं. कातडं तापलं की ताणतं, आवाज वर चढतो. बाप शेकायचा आणि मी शेजारी उकिडवी बसायची. बोटानं एक टिचकी मारून तो विचारायचा, "झाली का गं?" मी म्हणायची, "अजून नाय." पुन्हा धग. पुन्हा टिचकी. "आता?" "आता झाली." माझं कधी चुकलं नाही. माझा कान तिथं तयार झाला, कचऱ्याच्या जाळापाशी. तो मला कुठल्या संस्थेनं दिलेला नाही.

शाळेत प्रार्थना म्हणताना संस्थेच्या बायांनी मला ऐकलं आणि निवडलं. मग माहितीपत्रकासाठी फोटो काढायला ते आमच्या खोलीवर आले. बाप सुट्टी टाकून थांबला होता. कंपनीचा निळा शर्ट, कडक इस्त्री. मंजिरीताई म्हणाल्या, "शर्ट काढा ना जरा. बनियनवर बसा. आणि ती हलगी घ्या हातात." बापानं शर्ट काढला. बनियनला काखेत भोक होतं. फोटोवाला म्हणाला, "एकदम मस्त." बापानं सगळ्यांसाठी चहा केला. मंजिरीताईंनी कपाला हात लावला नाही, आत्ताच घेतलाय म्हणाल्या. तो छापलेला फोटो मी अजून जपून ठेवलाय. मायेनं नाही, पुरावा म्हणून.

संस्थेचा वर्ग ज्योतीनगरला, ताईंच्या बंगल्यात. आत गालिचा होता, त्यावर घरच्या शिष्या बसायच्या. दाराजवळ सतरंजी, तिच्यावर आम्ही. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी गालिच्यावर टेकले तर एकीनं नुसतं माझ्या पायांकडं पाहिलं. मी उठले. लई शहाणी होते मी तेव्हा, न सांगता समजायचं मला.

आणि तानपुरा. आम्ही तो फक्त छेडायचा. जुळवायचा नाही. वरच्या खुंट्या पिळायच्या नाहीत, तारांमधले मणी सरकवायचे नाहीत. तार सुरात आणायचं काम ताईंचं, नाहीतर घरच्या शिष्येचं. "जुळवणं ही विद्या आहे," ताई म्हणायच्या. "ती मागून मिळत नाही." दोन वर्षं मी दुसऱ्यानं जुळवलेल्या तारांवर नुसती बोटं फिरवली. तार उतरली की मला कळायचं, घरच्या शिष्येच्या आधी कळायचं. मी तोंड मिटून बसायची. एकदा राहवलं नाही. म्हणाले, "ताई, मधल्या दोनातली एक तार उतरलीय." ताईंनी गाणं थांबवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"सतरंजीवरून कुणाचा आवाज आला का?" त्यांनी विचारलं.

सगळ्या हसल्या. सतरंजीवरच्याही हसल्या. मग घरच्या शिष्येनं मुकाट्यानं ती तार जुळवली, कारण ती उतरलेलीच होती.

तर त्या कार्यक्रमाचा दिवस. देणगी देणारी माणसं पुढच्या रांगेत, आमचे आईबाप सगळ्यात मागं, दाराजवळ. बाप तोच निळा शर्ट घालून आला होता. बापाच्या दंडावर त्याच्या हलगीच्या वस्तादानं बांधलेला काळा दोरा होता. वस्ताद कधीच मरून गेला होता, तरी दोरा झिजला की बाप नवा बांधायचा, दंड रिकामा ठेवायचा नाही. ताईंनी माझ्या मनगटावर गाठ मारली तेव्हा मागच्या रांगेत बाप उभा राहून रडला. त्याला वाटलं, लेकीला वस्ताद मिळाला. जन्माचा.

गंडाबंधन झालं आणि ताई गायला बसल्या. त्यांच्या मागं दोन तानपुरे. एकावर घरची शिष्या, दुसऱ्यावर मी. संस्थेची मुलगी मागं दिसली पाहिजे, असं मंडळानं ठरवलं होतं. माझ्या तानपुऱ्यावर दिव्यांची झळ थेट येत होती. पहिली तार, पंचमाची, उतरायला लागली. केसभर. मग आणखी केसभर. ताई आलापात रंगल्या होत्या. घरची शिष्या डोळे मिटून डोलत होती. तो उतरलेला पंचम घासात खडा यावा तसा मला लागत होता. एका फेरीला लागला, दुसऱ्या फेरीला लागला.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला. दोन वर्षं तेच तर शिकले होते. पण हात गेला. डाव्या हातानं मणी सरकवला, गव्हाच्या दाण्याएवढा. तार जागेवर आली. सगळा नाद एकदम भरून आला, मागं कुणी दिवा मोठा करावा तसा. आयुष्यात पहिल्यांदा मी तानपुरा जुळवला होता आणि तो बरोबर जुळला होता.

ताईंना कळलं. त्यांचा कान तो. त्या थांबल्या, मागं वळल्या. माझा हात अजून मण्यावर होता.

मग माइककडं तोंड करून त्या हसल्या. "आमची ही मुलगी भारी उत्साही आहे," त्या म्हणाल्या. "हलगीवाल्याच्या घरची ना. हात गप्प बसत नाहीत."

सभागृह हसलं. पुढची रांग हसली, मधली हसली. मी मागं बापाला शोधलं. दार उघडं होतं, त्या उजेडात तो दिसला. बाप हसत होता. दोन्ही हात जोडून हसत होता.

म्हणून कात्रीसमोर मी हात मागं घेतला. एवढं हसून घेतल्यावर आता हेही?

"काय चाललंय?" ताई आत आल्या. सत्काराची शाल खांद्यावरच होती.

"ही धागा काढू देत नाही, ताई," मंजिरीताई म्हणाल्या.

ताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"पंचम उतरला होता, ताई."

उलट्या हाताची एक बसली. उजव्या कानावर, अंगठीसकट. डोक्यात कुणीतरी शिट्टी फुंकली आणि ती थांबेना. "पंचम तू मला शिकवणार?" दुसरी त्याच जागी. "माझ्या बैठकीत? मांगाची पोर?"

तोवर तो शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. गरजू म्हणायचे, होतकरू म्हणायचे, वंचित म्हणायचे. दोन थपडांत ते सगळे गळून पडले आणि खालचा निघाला. म्हणजे तो पहिल्यापासून तिथंच होता. चहाच्या कपात होता, सतरंजीत होता.

"काप तो," ताई म्हणाल्या. "ही उद्या गावभर माझं नाव सांगत फिरेल."

मंजिरीताईंनी माझं मनगट पिरगाळून धरलं. कात्रीचं एक पातं धाग्याखाली सारलं. मी दुसऱ्या हातानं कात्री पकडली. मुठी नाही, पाती. ज्या हातानं मणी सरकवला होता त्याच हाताच्या मुठीत. "सोड, लागेल!" त्या ओरडल्या. मी सोडली नाही. त्या ओढत होत्या, मी आवळत होते. ओढलं की पातं आणखी आत जायचं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं, त्यांच्या साडीवर पडलं, ताटलीतल्या कापलेल्या धाग्यांवर पडलं. पोरी किंचाळल्या. शेवटी कात्री त्यांनी सोडली. मी नाही.

बाप धावत आला. त्यानं माझा हात बघितला, रक्त बघितलं आणि आधी ताईंना हात जोडले. "चुकली पोर, ताई. लेकरू हाय. पदरात घ्या." आणि माझ्या मानेवर हात ठेवून मला खाली दाबलं. ताईंच्या पायांकडं. प्रेस चालवणारा हात तो. मी वाकत गेले. ताईंची पावलं समोर आली, बोटांतली जोडवी दिसली, माझं कपाळ त्यांच्यापासून वीतभर राहिलं. ताईंनी पाय मागं घेतला. नमस्कार नको म्हणून नव्हे, रक्त लागेल म्हणून.

तो मागं सरकलेला पाय मी पाहिला. मान वळवली आणि बापाच्या हाताला चावले. कडाडून. दात हाडापर्यंत गेले. बापानं हात झटकला. मी सरळ उभी राहिले.

"नाय वाकणार," म्हणाले. "म्या काय चोरी केली?"

मी चालत बाहेर आले. बाप मागून आला.

आम्ही मोटरसायकलवरून घरी आलो. खोलीत आल्यावर त्यानं हलगी गुंडाळायचं फडकं फाडलं आणि माझा हात बांधायला घेतला. त्याच्या हातावर माझे दात उमटले होते, तिथूनही रक्त येत होतं. फडक्याचे दोन वेढे त्यानं दिले. मग म्हणाला, "उतरला व्हता का गं, खरंच?"

"व्हय."

"पहिली तार."

"व्हय."

तो गाठ मारत होता. वर बघितलं नाही.

"मला बी ऐकू आला," बाप म्हणाला.

पुढच्या रांगेतल्या एकालाही जे कळलं नव्हतं, ते माझ्या बापाला दाराजवळ बसून कळलं होतं. तानपुरा उभ्या आयुष्यात हातात न घेतलेल्या माणसाला.

"मंग हसलात कशाला?"

"सवय हाय, बाई," तो म्हणाला.

ताईंच्या थपडेनं मी रडले नव्हते. आता रडले. ओरडून रडले, बापाच्या छातीवर गुद्दे मारले. तो मार खात बसला. मला त्याचा राग आला होता, आणि त्याला ही सवय लावली त्या सगळ्यांचा, गावाचा, शहराचा, गालिच्यावाल्यांचा, असा आला होता की खोली पेटवून द्यावी. मग मी मनगट तोंडाशी नेलं आणि तो गंडा दातांनी तोडला. रक्तानं चिकट झाला होता, तुटायला वेळ लागला. त्यांनी कापायचा नव्हता, एवढंच. तोडायचा हक्क माझा होता. त्याच दिवशी मी ठरवलं की मला कळतं ते मी कळत नाही असं कधीच दाखवणार नाही. कुणापुढंही.

कानातली शिट्टी दोन महिने टिकली. मी गायचं बंद केलं होतं. सूर लावला की शिट्टी आणि सूर एकमेकांत भांडायचे. कान गेला असता तर सगळंच संपलं होतं. मग एके दिवशी बापच मला जुन्या शहरात एका म्हाताऱ्या मुसलमान गायिकेकडं घेऊन गेला; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. खाला एके काळी रेडिओवर गायच्या, मोठ्या घरच्या लग्नांत बायकांच्या मैफलीत गायच्या. त्याच लग्नांत बाप फाटकाबाहेर हलगी वाजवायचा, तेवढी ओळख. त्या थकल्या होत्या, पण गल्लीतल्या मुलींना शिकवत होत्या. त्यांच्याबद्दल पेपरात कधी काही आलं नाही.

खालांनी माझा कान बघितला, हातावरचा व्रण बघितला. कोपऱ्यातला तानपुरा माझ्यापुढं ठेवला. चारही तारा ढिल्या, पार उतरलेल्या.

"ले, मिला," त्या म्हणाल्या. मिला म्हणजे जुळव.

"टूट गई तो?"

"टूटी तो दुसरी लगाएंगे. तारइच है ना."

पहिल्याच दिवशी मी दोन तारा तोडल्या. खाला पान लावत बसल्या होत्या, मान वर केली नाही. थोड्या दिवसांनी मी घाबरत घाबरत गंड्याचं विचारलं. त्या हसल्या. "गंडा कायकू? तू भागनेवाली है क्या?"

मी पळाले नाही. त्या गेल्या तोवर त्यांच्याकडं शिकले. आज कार्यक्रमात गाते, नाव झालंय, परगावची बोलावणी येतात. मुकुंदवाडीत वर्ग चालवते. खालांचा तानपुरा तिथं आहे आणि तो रोज वेगळी मुलगी जुळवते. गुरू म्हणून मी खालांचं नाव लावते. ताईंनी मला शिकवलं नाही असं मी म्हणत नाही, पण जे शिकवलं त्याला गाणं म्हणत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात फोन आला. मंजिरीताई. आवाज ओळखला मी. "अगं, तू तर आमचीच," त्या म्हणाल्या. संगीतात नाव कमावलेल्या स्त्रिया वस्तीतल्या मुलींच्या पाठीशी उभ्या राहतात, असा कार्यक्रम ठरला होता. ताई आता फारशा गात नाहीत, म्हणून सहा मुलींना गंडा माझ्या हातून बांधायचा. पत्रिकेवर माझ्या नावाखाली छापलं होतं, संस्थेची माजी विद्यार्थिनी. लोक विसरतात असं नाही. आपण विसरलो असू, असं धरून चालतात.

मी गेले. बापाला घेऊन गेले आणि पहिल्या रांगेत बसवलं. बाप आता जवळजवळ बहिरा झालाय. वाळूजच्या प्रेसनं त्याचे दोन्ही कान खाल्ले. दाराजवळून पंचम ऐकणारा तो कान.

मागची खोली तीच होती. सहा पोरी ओळीनं उभ्या, सारख्या पिवळ्या साड्यांत. टेबलावर ताट, त्यात हळदकुंकू, पेढे, लाल-पिवळे धागे. आणि रुमालाखाली कात्री.

"ही कशाला?" मी विचारलं.

मंजिरीताईंनी आवाज खाली केला. "नंतरसाठी. तुला माहीतच आहे."

मी कात्री उचलली आणि पर्समध्ये टाकली. "अगं, काय करतेस?" त्यांनी माझा हात धरला. मी त्यांचं मनगट पकडलं आणि पिरगाळलं. दोन बांगड्या पिचल्या, काचा खाली पडल्या. त्या वेदनेनं खाली वाकल्या. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. मी आणखी जोर लावला असता, पण सहा पोरी बघत होत्या, तेव्हा सोडलं.

ताई कोपऱ्यात खुर्चीत बसल्या होत्या, काठीवर दोन्ही हात. सगळं पाहत होत्या. "अजून हात गप्प बसत नाहीत का तुझे?" त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांनाही आठवत होतं. शब्द न्‌ शब्द आठवत होता.

"नाही बसत, ताई," मी म्हणाले.

स्टेजवर मी माइक हातात घेतला आणि कात्री वर धरली. सांगितलं की ही मागच्या खोलीत होती, आत्ता ह्या पोरींना जो धागा बांधायचाय तो फोटो झाल्यावर कापायला. सांगितलं की माझाही असाच कापायला घेतला होता. डावा पंजा उघडून व्रण दाखवला. मग कुणीतरी "बस करा" ओरडलं. मंडळाचे एक गृहस्थ स्टेजवर चढले आणि माझा दंड धरला. मी कोपरानं त्यांना ढकललं, ते टेबलावर गेले, ताट उलटलं, कुंकू सगळीकडं सांडलं. माइक बंद झाला. मागून कुणीतरी बंद केला होता.

जुळवायला माइक लागत नाही. मी स्टेजवर मांडलेल्या तानपुऱ्याच्या चारही खुंट्या उलट्या पिळल्या, तारा ढिल्या केल्या आणि पोरींना हाक मारली. "चला. जुळवा." पाच जणी जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मी माझीच ती वर्षं पाहिली. सहावी आली. बिडकीनची, सगळ्यात बारकी. तिनं तानपुरा मांडीवर घेतला आणि खुंटी धरली.

"मला नाय येत, मॅडम."

"मलाही नव्हतं येत. कान दे. पिळ."

लोक उठून जात होते, खुर्च्या आपटत होत्या. ती पिळत होती, छेडत होती, पुन्हा पिळत होती. पंचम वर चढत आला, जवळ आला, अगदी जवळ. तिनं आणखी अर्धा वेढा दिला. फट्‌दिशी तार तुटली आणि तिच्या गालावर सपकन बसली. गालावर लाल रेघ उमटली. उरलेलं सभागृह हसलं. अगदी तसंच. तोच आवाज.

मी बापाकडं पाहिलं. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण माणसं हसताना त्याला दिसत होती. सगळीकडून हसत होती. बाप हसला नाही. त्यानं हात जोडले नाहीत. मांडीवर मुठी आवळून तो त्या पोरीकडं बघत होता.

"मोडलंस ना," मागं स्टेजवरच्या खुर्चीतून ताई म्हणाल्या.

"तार आहे, ताई," मी म्हणाले. "दुसरी लावू."

पोरगी रडवेली झाली होती. तोंड फिरवून हसणाऱ्या माणसांकडं बघितलं तिनं आणि तिचेही ओठ हसायला हलले. ते कसनुसं हसू. आपणच आपल्यावर हसायचं. मी तिची हनुवटी धरली, जरा जोरातच. "हसायचं नाय," म्हणाले. "अजिबात हसायचं नाय. तार घे."

माझ्याकडं कायम असते ती जादा तार मी पुढं केली, तिनं घेतली. रिकाम्या होत चाललेल्या सभागृहात तिनं नवी तार चढवली आणि जुळवली. माझ्या मदतीशिवाय. वेळ लागला.

नंतर माझ्यावर मारहाणीची तक्रार झाली. दोनदा ठाण्यात जाऊन बसले, पुन्हा बोलावलंय, पुन्हा जाईन. काही कार्यक्रम हातचे गेले. शहरातल्या ज्या गायिका मला बहीण म्हणायच्या, त्यातल्या बऱ्याच जणी आता फोन उचलत नाहीत. ठीक आहे. त्या सहा पोरींपैकी तिघी माझ्या वर्गाला येतात. बाकीच्या तिघींना घरच्यांनी पाठवलं नाही. त्यांच्या बापांनी माझी माफी मागितली, माझ्याच दारात, हात जोडून. ते जोडलेले हात मी धरून खाली केले.

माझ्या वर्गात गंडा नाही आणि सतरंजीही नाही. सगळ्या फरशीवर, मीसुद्धा. तार उतरलेली ज्या मुलीला कळते तिनं गाणं थांबवायचं, मग गाणारी मी असले तरी. जी थांबवत नाही तिला मी रागावते. एवढा एकच नियम.

कात्री माझ्याकडं आहे. ठाण्यात विचारली होती, मी दिली नाही. नवी तार चढवली की वरचं जास्तीचं टोक आम्ही तिनं कापतो. पोलादी तार आहे, कात्रीला झेपत नाही, पात्यांना खाचा पडल्यात. धागासुद्धा आता तिच्यानं धड कापत नाही. पार निकामी होईपर्यंत मी ती वापरणार आहे. आणि त्यांनी दुसरी आणली, तर तीही हिसकावून घेणार आहे.